चुकलेल्या हिशेबांचे महायुद्ध

पहिल्या महायुद्धाचे कारण काय, असा प्रश्न शाळेत आला की आम्ही एका ओळीत उत्तर लिहीत असू : साराजेवो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. तेवढ्यावर पूर्ण गुण मिळत. पुढे सेमिनरीत इतिहास वाचताना ध्यानी आले की खून झाला २८ जून १९१४ रोजी आणि युद्धाची पहिली घोषणा झाली २८ जुलै रोजी. मधले तीस दिवस युरोपातील मुत्सद्दी काय करीत होते? ते हिशेब मांडीत होते. प्रत्येकाच्या हिशेबाची पहिली ओळ एकच होती : समोरचा माघार घेईल.

व्हिएन्नाला सर्बियाला धडा शिकवायचा होता. ५ जुलै रोजी जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म यांनी ऑस्ट्रियाला संपूर्ण पाठिंब्याचे वचन दिले आणि दुसऱ्याच दिवशी ते नॉर्वेच्या सागरी सफरीवर निघून गेले. रशियाची तयारी अपुरी आहे, तेव्हा झार आरडाओरडा करील पण लढणार नाही, असा बर्लिनचा होरा होता. सैन्याची जमवाजमव दाखविली की ऑस्ट्रिया नमेल, असे रशियाला वाटत होते. इंग्लंड या भानगडीत पडणार नाही, अशी जर्मनीत अनेकांची समजूत होती. इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री ग्रे यांनीही, मंत्रिमंडळातच दुफळी असल्यामुळे, अखेरच्या दिवसांपर्यंत स्पष्ट शब्द उच्चारला नाही.

२३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला. मुदत ४८ तासांची. सर्बियाने जवळजवळ सारे मान्य केले. आपल्या भूमीवरील तपासात ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांचा सहभाग तेवढा नाकारला. सफरीवरून परतलेल्या कैसरने ते उत्तर २८ तारखेच्या सकाळी वाचले आणि आता युद्धाला कारणच उरले नाही, असा शेरा मारला. त्याच दिवशी व्हिएन्नाने युद्ध पुकारले. घोषणेवर सही करणारे सम्राट फ्रान्झ जोसेफ त्र्याऐंशी वर्षांचे, भाविक कॅथोलिक होते. ही गोष्ट आम्हां कॅथोलिकांना बोचणारी आहे. पण ती झाकून इतिहास लिहिता येणार नाही.

१ ऑगस्टची सायंकाळ तर विलक्षणच म्हणावी लागेल. फ्रान्सवर हल्ला न केल्यास इंग्लंड तटस्थ राहील, असा संदेश लंडनहून बर्लिनला आला. कैसर हरखले. सारे सैन्य आता पूर्वेकडे, रशियावर पाठवा, असे त्यांनी सरसेनापती मोल्टके यांना सांगितले. मोल्टके हबकले. सैन्याच्या ११,००० आगगाड्यांचे वेळापत्रक पश्चिमेकडील चढाईसाठी बांधलेले होते. वर्षभराचे काम एका रात्रीत कसे बदलणार? पुढे लंडनचा संदेश हाच गैरसमज ठरला आणि गाड्या पश्चिमेकडे धावू लागल्या. त्यांचा मार्ग बेल्जियममधून जात होता. त्या देशाच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहात प्रशियानेही दिलेली होती. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले आणि त्या रात्री इंग्लंड युद्धात उतरले. गंमत अशी की जर्मन सैन्याच्या रेल्वे विभागाच्या तत्कालीन प्रमुखाने १९२५ साली पुस्तक लिहून गाड्या वळविता आल्या असत्या, असे दाखवून दिले. तोवर सुमारे एक कोटी सैनिक मातीआड झाले होते.

या वणव्याची झळ आपल्या मुलखालाही लागली. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तेलाचे रक्षण करण्यासाठी बसऱ्याला उतरलेली ही फौज सोप्या विजयांच्या भरात बगदाद घेण्यास निघाली. तोही हिशेब चुकला. कुत येथे वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांनी उपाशीपोटी शरणागती पत्करली. त्यांतील अनेकजण कैदेतच मेले. इकडे मुंबई मिशनमधील जर्मन येशूसंघीय धर्मगुरू एका रात्रीत 'शत्रू' ठरले. त्यांपैकी बहुतेकांना देश सोडावा लागला. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जर्मन नागरिकांसाठी छावणी उघडली गेली. मुंबईचे जर्मन महागुरुस्वामी युर्गेन्स १९१६ साली प्रभुवासी झाले, आणि त्यांच्या जागी अल्बन गुडियर यांची नेमणूक व्हायला १९१९ उजाडले.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ आम्हांस नेहमी विचारतात, "फादर, पोप महोदय दरवेळी शांतीची हाक देतात, ऐकतो कोण?" प्रश्न रास्त आहे. ३ सप्टेंबर १९१४ रोजी, युद्ध भडकल्यानंतर निवडले गेलेले पोप बेनेडिक्ट पंधरावे यांचे तरी कोणी ऐकले? १ ऑगस्ट १९१७ ही तारीख घालून त्यांनी लढणाऱ्या राष्ट्रांच्या प्रमुखांना पत्र पाठविले. त्यात नुसता उपदेश नव्हता. बेल्जियम मोकळा करा, व्यापलेले प्रदेश परस्परांना परत द्या, नुकसानभरपाईचे दावे सोडा, शस्त्रे कमी करा, तंटे लवादाकडे न्या, अशी रोखठोक कलमे होती. या युद्धाला त्यांनी निरर्थक संहार म्हटले.

परंतु पाणी आधीच मुरलेले होते. १९१५ च्या लंडनच्या गुप्त तहात, शांततेच्या वाटाघाटींत पोपांना स्थान द्यायचे नाही, असे इटलीने मित्रराष्ट्रांकडून कबूल करून घेतले होते. फ्रान्समध्ये ते जर्मनांचे पोप ठरले आणि जर्मनीत फ्रेंचांचे. बेल्जियम सोडतो, एवढे एक वाक्य जर्मनीने लिहिले नाही. जर्मनीच्या राज्यकर्त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही, असे अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी कळविले. वाडीच्या बांधावरून भांडणारे भाऊ समेटासाठी आमच्यासमोर बसतात, तेव्हा "आधी त्याने" हेच दोन शब्द आम्ही दोन्हीकडून ऐकतो. पाणबुड्या इंग्लंडला उपाशी मारतील, असा जर्मनीचा भरवसा होता. त्या पाणबुड्यांमुळेच अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली होती. पत्रावरील तारखेच्या आदल्याच दिवशी इंग्रजांनी बेल्जियममध्ये पाशेंडेलची मोहीम सुरू केली. तीन महिन्यांहून अधिक काळ चिखलात लढून ते जेमतेम आठ किलोमीटर पुढे सरकले. युद्ध आणखी पंधरा महिने चालले.

तेव्हा त्या गृहस्थांना आम्ही सांगतो की कोणी ऐकले नाही, हे खरे. पण न ऐकणाऱ्यांतील एकाचेही गणित बरोबर आले नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि रशिया येथील तिन्ही राजघराणी सिंहासनावरून गेली. व्हर्सायच्या तहात पोपांना बोलावले नाही आणि नुकसानभरपाईचे जे दावे सोडा म्हणून त्यांनी विनविले होते, तेच जर्मनीच्या माथी मारले गेले. वीस वर्षांत दुसरे महायुद्ध आले. पत्रातील लवाद आणि शस्त्रकपात हे विषय मात्र आज प्रत्येक वाटाघाटीच्या मेजावर असतात.

आणि कोणीच ऐकले नाही, हेही पुरते खरे नाही. बेनेडिक्ट यांनी व्हॅटिकनमध्ये युद्धकैद्यांचा शोध घेणारे कार्यालय उघडले. आर्मेनियन लोकांची कत्तल थांबवावी म्हणून त्यांनी १९१५ साली तुर्की सुलतानाला पत्र लिहिले. त्याच सुलतानाच्या राजधानीत, इस्तंबूलमध्ये, १९२१ साली त्यांचा पुतळा उभारला गेला. वर्गणी देणाऱ्यांत मुसलमान होते, यहुदी होते, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंटही होते. धर्म वा राष्ट्र न पाहणारा उपकारकर्ता, असे त्यावर कोरलेले आहे. २२ जानेवारी १९२२ रोजी पोप महोदय देवाघरी गेले. पवित्र आत्म्याच्या कॅथेड्रलच्या अंगणात तो पुतळा आजही उभा आहे.