भाड्याची भिंत, निवडीची भिंत: नव्या चित्रकारांची परदेशी प्रदर्शने

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालनात प्रदर्शन भरवायचे, तर चित्रकाराने अर्ज करायचा, निवड समितीची मान्यता मिळवायची, कित्येक वर्षे पाळीची वाट पाहायची आणि दालनाचे भाडे स्वतः भरायचे, अशी रीत आहे. १९५२ मध्ये सुरू झालेल्या या दालनातील अशा प्रदर्शनांतूनच महाराष्ट्रातील अनेक चित्रकार रसिकांना ठाऊक झाले. या भाड्यात कोणी कमीपणा मानत नाही, आणि मानण्याचे कारणही नाही. मात्र हीच रीत गृहीत धरून कलामहाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला तरुण लंडन वा न्यूयॉर्कच्या दालनांकडे पाहतो, तेव्हा गफलत होते.

तेथील प्रतिष्ठित खासगी दालन चित्रकाराकडून सहसा भाडे घेत नाही. ते चित्रकार निवडते, प्रदर्शनाच्या खर्चाचा भार उचलते आणि विक्री झाल्यास किमतीचा मोठा, बहुधा निम्म्याच्या आसपासचा, हिस्सा ठेवते. चित्र विकले जाण्यात दालनाचाही स्वार्थ असतो. याउलट भिंतीच्या लांबीनुसार शुल्क आकारणाऱ्या दालनाचे उत्पन्न उद्घाटनाआधीच जमा झालेले असते. मग ग्राहक आला काय, न आला काय. पदवी हाती पडताच अनोळखी दालनाकडून येणारी, कामाची अतोनात स्तुती करणारी निमंत्रणे बहुधा याच जातीची असतात. आईवडिलांची शिल्लक आणि परदेशस्थ नातलगांची मदत त्यात खर्ची पडते. समीक्षक तेथे क्वचितच फिरकतात, आणि पुढे एखाद्या संग्रहालयाने चित्रकाराची माहिती चाळली तर अशा नोंदीला फारसे मोल नसते.

मुंबईच्या विद्यार्थ्यांचे काम सातासमुद्रापार जाणे ही आजची गोष्ट नाही. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना १८५७ ची. १८७२ ते १८८५ च्या दरम्यान जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तेथील विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या आणि त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाकडे गेल्या. पुढे आगीत त्यांतील अनेक नष्ट झाल्या. वाचलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. परंतु लोकांच्या स्मरणात नाव राहिले ते ग्रिफिथ्स यांचे. १९२४ च्या वेंब्ली येथील साम्राज्य प्रदर्शनात जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी सजवलेले दालन मांडले गेले, तेही संस्थेचे काम म्हणून.

स्वतःच्या नावाने परदेशी भिंतीवर जाण्याचा मार्ग स्वातंत्र्यानंतरच्या पिढीने रुळवला, आणि तो फार सावकाश रुळला. गोव्याच्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना जे. जे. मधून काढून टाकण्यात आले होते. ते १९४९ मध्ये लंडनला गेले. ‘गॅलरी वन’मधील ज्या प्रदर्शनाने त्यांचे नाव झाले, ते १९५५ चे. नागपूर आणि मुंबई येथे शिकलेले सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला पोहोचले. तेथे पुन्हा विद्यार्थी झाले आणि समीक्षकांचा पुरस्कार त्यांना १९५६ मध्ये मिळाला. दोघांच्याही वाट्याला सुमारे सहा वर्षांचा मुक्काम आला. वासुदेव गायतोंडे यांचा पल्ला आणखी लांबचा: जे. जे. ची पदविका १९४८ ची, रॉकफेलर शिष्यवृत्तीवरील न्यूयॉर्कवास १९६४ चा, आणि गुगेनहाइम संग्रहालयातील मोठे प्रदर्शन २०१४ चे. ते पाहायला गायतोंडे हयात नव्हते.

आजही खात्रीचे मार्ग निवडीतूनच जातात. ब्रिटनमधील अल्पकालीन वास्तव्यासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आणि परदेशी शिक्षणासाठी इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन ही नावे कलाविद्यार्थ्यांना परिचित आहेत. ब्रिटनमध्ये कलाशिक्षण घेतलेल्यांसाठी १९४९ पासून चालत आलेले, आज ‘न्यू कंटेम्पररीज’ म्हणून ओळखले जाणारे प्रदर्शन आहे. रॉयल अकादमीचे उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून दरवर्षी भरते आणि त्यासाठी कोणालाही काम पाठवता येते. तेथे प्रवेशशुल्क असते, पण ते परीक्षणासाठी; शुल्क भरले म्हणून चित्र भिंतीवर लागत नाही. आर्ट दुबईसारख्या कलामेळ्यांत प्रवेश मिळतो तो मुख्यतः दालनांना, त्यामुळे एकट्या चित्रकाराने तेथे धाव घेण्यात अर्थ नाही.

चित्र नेण्याची बाजू रुक्ष वाटते, पण बहुतेक फजिती तेथेच होते. तात्पुरत्या प्रदर्शनासाठी भारतातून एटीए कार्नेट हा सीमाशुल्क दस्तऐवज ‘फिक्की’ ही उद्योग संघटना देते. त्याची मुदत वर्षभराची असते आणि तो सर्व देशांत प्रदर्शनाच्या मालासाठी चालेलच असे नाही. त्याखाली नेलेली चित्रे परत आणण्याच्या बोलीवर नेलेली असतात. विक्रीसाठी नेलेल्या मालाला तो लागू नाही. ब्रिटनमध्ये विक्रीसाठी आणलेल्या मूळ कलाकृतींवर आयातीच्या वेळी पाच टक्के दराने मूल्यवर्धित कर पडतो. अभ्यागत व्हिसावर आलेल्याला तेथे जनतेला थेट माल विकता येत नाही, हे मंडळाच्या सभागृहात चित्रे मांडू देणाऱ्या उत्साही यजमानांनीही लक्षात ठेवावे. विक्री स्थानिक दालनामार्फत झालेली बरी. लाकडी पेटी वापरल्यास लाकडावर उष्णताप्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा. चौकटीवरून काढलेला कॅनव्हास नळीत न्यायचा असेल, तर रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळावा. आत ठेवल्यास रंगाचा थर दाबला जाऊन तडकतो. जाड तैलरंग महिनोन्महिने ओला राहत असल्याने घाईत केलेले ताजे चित्र या प्रवासाला योग्य नाही.

परदेशातील काका-मावशींकडे मदतीची विचारणा होते, तेव्हा दालनाला दोन प्रश्न विचारून पाहावेत. त्याचे उत्पन्न विक्रीतून येते की चित्रकारांच्या शुल्कातून? आणि न विकलेली चित्रे परत पाठवण्याचा खर्च कोणाचा? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी घेतलेले नसल्यास चित्रे कोणाच्या तरी गॅरेजमध्ये पडून राहतात, आणि ती कार्नेटवर आलेली असतील, तर वर्षाची मुदत उलटताच त्यांवरील जकातीची मागणी सुरू होते.