दोन काचांचं जमतं कसं?

आज फ्यूज्ड ग्लासविषयी बोलू. यात काच फुंकायची नसते. रंगीत काचेचे थंड तुकडे मांडायचे, भट्टीत ठेवायचे आणि उष्णतेनं एकजीव करायचे. साधारण ७४० अंश सेल्सिअसला तुकडे कडांनी चिकटतात; ८०० च्या पुढे वितळून सपाट होतात.

ऐकायला सोपं वाटतं ना? निवृत्तीनंतर मीही हा उद्योग करून पाहिला. खिडकीच्या काचेवर हिरव्या बाटलीचे तुकडे ठेवून थाळी केली. भट्टीतून निघाली तेव्हा सुंदर होती. तिसऱ्या रात्री कपाटातून 'टक्' असा आवाज आला. सकाळी बघतो तर थाळीचे दोन तुकडे! कुणी हातही लावला नव्हता.

हे का घडलं? प्रत्येक काच तापली की प्रसरण पावते, निवली की आकुंचन पावते. पण सगळ्या काचा सारख्याच प्रमाणात नाही. गरम असताना दोघींचं छान जमतं. निवताना एक जास्त आखडते, दुसरी कमी, आणि तो ताण आत साठून राहतो.

भूमध्य समुद्राकाठच्या कारागिरांच्या हातांना हे कळलेलं होतं. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत ते रंगीत कांड्यांचे काप शेजारी शेजारी मांडून, वितळवून नक्षीदार वाडगे करत. पुढे फुंकनळी आली, काम झटपट होऊ लागलं आणि ही पद्धत मागे पडली. हातातलं ज्ञान हातांबरोबर गेलं.

१९ व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आंरी क्रो या शिल्पकारानं काचेचा चुरा साच्यात वितळवण्याची पद्धत पुन्हा उभी केली. पण या वाटेवरचे कलावंत बहुधा आपापल्या कृती गुप्तच ठेवत. मग शिकवणार कोण, आणि काय?

वळण आलं १९७९ साली. हॅम्बुर्गचा क्लाउस मोये अमेरिकेतल्या पिलचक काचशाळेत शिकवायला आला. मूळचा काच कापणारा, घासणारा माणूस. रंगांच्या पट्ट्या जुळवून वाडगे करायचा. तिथे त्याची गाठ बॉयस लंडस्ट्रॉमशी पडली. पोर्टलँडमध्ये १९७४ साली सुरू झालेल्या 'बुल्सआय' काचकारखान्याचा हा एक संस्थापक. मोयेची गरज साधी होती: अनेक रंग, पण एकमेकांशी जुळणारे. कारखान्यानं ते काम अंगावर घेतलं. १९८२ मध्ये मोये ऑस्ट्रेलियात कॅनबेराला काचविभाग उभा करायला गेला, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती अशी जुळणारी काच आली.

आता चाचणी कशी करतात ते बघा. पारदर्शक पट्टीवर रंगीत काचेचा तुकडा वितळवायचा आणि ती आडव्या-उभ्या धरलेल्या दोन पोलरॉइड पट्ट्यांमधून पाहायची. ताण असेल तर तुकड्याभोवती उजेडाचं वलय दिसतं. नसेल तर अंधार. बस्स, एवढंच.

तत्त्वज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून मला यातलं महत्त्व वेगळं वाटतं. आधी काम फुटलं की विद्यार्थी म्हणायचा, माझ्या हाताला गुण नाही. आता शिक्षक त्याला कारण डोळ्यांनी दाखवू शकतो. दाखवता येणारं कारण दुसऱ्याच्या हाती देता येतं. गुण देता येत नाही.

अर्थात, जुळणारी काच मिळाली म्हणजे झालं असं नव्हे. तिला सावकाश निववावं लागतं. आणि जाडी दुप्पट झाली तर निववण्याचा वेळ दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो. पुढचं सगळं शिक्षण या धीराचं आहे.

माझी ती फुटकी थाळी मी टाकलेली नाही. आज सोबत आणली आहे, दोन पोलरॉइड पट्ट्याही आहेत. व्याख्यान संपल्यावर पुढे या. हिरव्या तुकड्यांभोवतीचं वलय अजून दिसतं.