समिट, पॅट

समिट, पॅट : (१४ जून १९५२ – २८ जून २०१६). अमेरिकेच्या महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील अग्रणी प्रशिक्षक. जन्म टेनेसी राज्यात, शेतकरी कुटुंबात. १९७४ मध्ये, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. पगार महिना २५० डॉलर. खेळाडूंचे गणवेश धुणे आणि सामन्यांसाठी व्हॅन चालवणे हीही कामे त्याच करत. शिक्षणसंस्थांमधील लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा कायदा तेव्हा नुकताच झाला होता. मुलींच्या खेळाला पैसा आणि प्रेक्षक मिळायला पुढे बरीच वर्षे लागली, आणि त्या बदलात समिट यांचा वाटा फार मोठा आहे. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये खेळाडू म्हणून रौप्य, १९८४ मध्ये प्रशिक्षक म्हणून सुवर्ण. टेनेसीला त्यांनी ८ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. १९९७-९८ च्या हंगामात संघाने ३९ पैकी ३९ सामने जिंकले. शिस्त कडक, वर्गातील हजेरीबाबत तडजोड नाही. २०११ मध्ये त्यांनी आपल्याला अल्झायमर झाल्याचे स्वतः जाहीर केले आणि तरीही एक हंगाम संघ सांभाळला. २०१२ मध्ये निवृत्त होताना त्यांच्या नावावर १,०९८ विजय होते.