कोकणातली कावीळ आणि हिपॅटायटिस सी

रत्नागिरी जिल्ह्यात यकृताचा आजार म्हणजे कावीळ, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली की रोग्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्याची रीत कोकणात जुनी आहे. कुठे झाडपाल्याचे औषध पोटात देतात, कुठे नाकात थेंब सोडतात, तर कुठे चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात. हात धुताना पाणी पिवळे होते आणि कावीळ बाहेर पडली असे मानले जाते. आंब्याच्या अंतरसालीचा रस हाताला लावून चुन्याच्या पाण्यात हात धुतले, तर निरोगी माणसाच्या हातूनही तोच पिवळा रंग उतरतो, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी करून दाखवले आहे. तरीही ही रीत टिकली, याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप सोडते आणि श्रेय उताऱ्याला मिळते. गरोदर स्त्रीला ई प्रकारची कावीळ झाली तर मात्र हा भरवसा जिवावर बेततो.

हिपॅटायटिस सी या सगळ्या अनुभवाबाहेरचा आजार आहे. त्याचा विषाणू पाण्यातून येत नाही, तो रक्तातून रक्तात जातो. सुरुवातीला बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि डोळे पिवळे होत नाहीत, त्यामुळे उतरवायला काही नसते. संसर्ग झालेल्यांपैकी १५ ते ४५ टक्के लोक सहा महिन्यांत उपचारांविना मोकळे होतात. उरलेल्यांच्या यकृतात विषाणू मुक्काम ठोकतो. त्यांच्यातल्या १५ ते ३० टक्क्यांना वीस वर्षांत सिरॉसिस होऊ शकतो. पोटात पाणी साठले किंवा रक्ताची उलटी झाली की रोग प्रथम कळतो. यकृताचे दुखणे दिसले की दारूकडे बोट दाखवण्याची सवय समाजाला आहे. कधी थेंबही न घेतलेल्या रोग्याला हा संशय विनाकारण सोसावा लागतो.

हा विषाणू उशिरा सापडला. रक्त दिल्यानंतर होणारी कावीळ ए किंवा बी या विषाणूंमुळे होत नाही, हे अमेरिकेत हार्वे ऑल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवले. पण कारण हाती नव्हते, म्हणून कित्येक वर्षे तिला ‘ए नाही, बी नाही’ एवढेच नाव होते. १९८९ साली मायकेल हॉटन आणि त्यांच्या गटाने विषाणूची जनुकीय ओळख पटवली आणि रक्ताची चाचणी शक्य झाली. या दोघांना चार्ल्स राइस यांच्यासह २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तोवर विषाणू पसरण्याची मुख्य वाट वैद्यकानेच मोकळी केली होती. खेड्यातल्या दवाखान्यात काचेची सिरिंज आणि जाड सुई एका स्टीलच्या डब्यात ठेवलेली असे. डब्यातले पाणी स्टोव्हवर उकळायचे, चिमट्याने सुई उचलायची, टोचायची आणि पुन्हा डब्यात टाकायची. सुई बोथट झाली की दगडावर घासून तिला धार लावत, भोक बुजले तर आत बारीक तार फिरवत. पाणी पुरेसा वेळ उकळले तर धोका कमी होई. पण दाराशी रांग लागली असता नुसते गरम पाण्यातून काढून घेणे सोपे होते. शिवाय सुई टोचल्याशिवाय आणि सलाइन लावल्याशिवाय बरे वाटत नाही, ही समजूत रोग्यांत खोलवर रुजलेली होती आणि आजही ती गेलेली नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीस झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात आणि त्यांतली ६० टक्क्यांहून अधिक असुरक्षित आहेत, असे आढळले.

दुसरी वाट रक्ताच्या बाटलीची. कोकणातला गंभीर रोगी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचा, हा शिरस्ता जुना आहे, आणि तिथले रक्त कोणाचे यावर बरेच काही अवलंबून असे. पैशासाठी रक्त देणारे लोक पुन्हा पुन्हा येत. त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण जास्त असे. याला पर्याय म्हणून लीला मुळगावकर यांनी १९५४ पासून मुंबईत ऐच्छिक रक्तदानाची चळवळ उभी केली. महाराष्ट्रात पुढे रक्तदान शिबिरांची जी परंपरा रुजली, तिच्यामागे अशा माणसांची चिकाटी आहे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून देशात रक्ताची विक्री बंद झाली. हिपॅटायटिस सीची चाचणी मात्र रक्तपेढ्यांना २००१-०२ च्या सुमारास सक्तीची झाली. पाश्चात्त्य देशांत ती १९९० च्या दशकारंभीच सुरू झाली होती. मधल्या दशकात थॅलेसेमियाच्या मुलांना जगण्यासाठी दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावेच लागत होते. या विलंबाची किंमत त्या मुलांनी मोजली.

एवढे असूनही महाराष्ट्राच्या खेड्यांत हा आजार फारसा पसरला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांना पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्याचे प्रमाण नगण्य आढळले; तो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पंजाबची स्थिती याच्या उलट आहे. तिथे सरकारला २०१६ साली मोफत उपचारांची स्वतंत्र योजना काढावी लागली. सर्वांत दुःखद कथा इजिप्तची आहे. बिल्हार्झिया या कृमिरोगावर तिथे १९५० च्या दशकापासून शिरेतून औषध देण्याची सरकारी मोहीम चालली आणि त्याच सुयांमधून हिपॅटायटिस सी घराघरांत गेला. त्याच इजिप्तने २०१८-१९ मध्ये सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली, रोग्यांना औषधे दिली आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेकडून निर्मूलनाच्या वाटचालीची पावती मिळवली. २०२२ च्या अंदाजानुसार जगात पाच कोटी आणि भारतात सुमारे ५५ लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे.

जुना उपचार इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा होता. तो महिनोन्‌महिने चाले, ताप आणि नैराश्य आणी, आणि बऱ्याच रोग्यांना त्याचा गुणही येत नसे. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफॉस्बुविर या गोळीला मान्यता मिळाली. बारा आठवड्यांच्या औषधाची किंमत ८४ हजार डॉलर होती. २०१४ साली मूळ कंपनीने मुंबईच्या सिप्लासह काही भारतीय कंपन्यांना उत्पादनाचा परवाना दिला. पुढच्या वर्षी २८ गोळ्यांची बाटली भारतात सुमारे २० हजार रुपयांना मिळू लागली आणि स्पर्धेने भाव आणखी उतरले.

२८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. सोफॉस्बुविर आणि डॅक्लाटास्विर ही जोडी साधारण बारा आठवडे घेतली की ९५ टक्क्यांच्या आसपास रोगी पूर्ण बरे होतात. या रोगावर लस नाही आणि बरे झाल्यावरही पुन्हा संसर्ग होऊ शकतो. बरे झालेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडे राहतातच, त्यामुळे साध्या चाचणीचा निकाल पुढेही ‘पॉझिटिव्ह’ येतो. विषाणू गेला की नाही, हे आरएनए चाचणीवरूनच कळते, आणि ती औषध संपल्यानंतर बारा आठवड्यांनी करावी लागते.