परक्या गांवचा घांस

प्रवासाहून परत आलेल्या माणसाला घरचीं मंडळी पहिल्यानें विचारतात तें हेंच, कीं जेवणाखाण्याची सोय कशी होती? परक्या शहरांत उतरलेल्या माणसाची पहिली चौकशीहि तीच असते. चांगलें जेवण कोठें मिळेल, चहा कोठें घ्यावा, चार स्नेह्यांना बोलावून निवांत बसण्याजोगी जागा कोणती? हा प्रश्न वरवर रुचीचा वाटतो; परंतु त्याच्या मुळाशीं याहून जुना आणि गंभीर असा एक प्रश्न आहे. अनोळखी माणसाच्या हातचें कोणत्या भरंवशावर खावें, आणि अनोळखी माणसाच्या शेजारीं कोणत्या भरंवशावर बसावें, हा तो प्रश्न होय. त्याचा इतिहास पाहावयाचा तर मराठवाड्यांतील हिंगोलीइतकें बोलकें गांव क्वचितच सांपडेल.

हिंगोली हें कयाधू नदीच्या परिसरांतील गांव वऱ्हाड आणि नांदेड यांच्या दरम्यान वसलेलें आहे. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्याचें विभाजन होऊन हिंगोली जिल्हा निर्माण झाला. पण गांवाचें नांव त्याच्या कितीतरी आधीं दूरवर पोंचलें होतें. १८१९ पासून १९०३ पर्यंत येथें निजामाच्या राज्यांतील हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. छावणी म्हटली कीं बाजार आलाच. शिपायाच्या हातीं रोख पगार येई, आणि त्या पैशाच्या ओढीनें वाणी, कापडविके, सराफ, हलवाई, कलाल अशीं नाना व्यवसायांचीं माणसें छावणीच्या आश्रयाला येऊन राहत. औंढा नागनाथाचे यात्रेकरू, नामदेवांच्या नरसीला जाणारे भाविक आणि मालाचे बैल हांकणारे व्यापारी यांचीहि या मुलुखांतून ये-जा असे. लष्करी पहारा आणि गजबजलेली पेठ एके ठिकाणीं असल्यावर वाटसरूला याहून निर्धास्त मुक्काम कोणता वाटणार?

पण त्या वाटसरूनें जेवावें कोठें? आजच्या अर्थानें खाणावळ किंवा उपाहारगृह तेव्हां नव्हतें. कोणाच्या हातचें शिजलेलें अन्न चालतें आणि कोणाच्या हातचें चालत नाहीं, याचे निर्बंध कडक होते. त्यामुळें बहुतेक हिंदु प्रवासी स्वयंपाक स्वतःच करीत. वाण्याच्या दुकानीं पीठ, डाळ, मीठ, मिरची आणि जमल्यास तूप असा शिधा घ्यावा, विहिरीजवळ किंवा आमराईंत जागा झाडून तीन दगडांची चूल मांडावी, गोंवऱ्या पेटवाव्या आणि जेवण उरकून तेथेंच घोंगडी पसरावी, असा क्रम असे. मोठ्या हमरस्त्यांवरील सरायांत भटियारे पैसे घेऊन रांधून घालीत. परंतु त्यांचा उपयोग मुख्यतः मुसलमान प्रवाशांना होई. अहल्याबाई होळकरांसारख्या धर्मशील राज्यकर्त्यांनीं धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रें स्थापिलीं. जेथें १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांचें देहावसान झालें, त्या नांदेडला लंगराची परंपरा रुजली. पण ही सारी सोय विशेषेंकरून तीर्थस्थानांची. दोन तीर्थांच्या मधली वाट, आणि त्या वाटेवरची संध्याकाळ, ज्याची त्यानेंच निभावावयाची असे.

एकट्यानें चूल मांडणारा माणूस सोबत शोधतो, आणि याच गरजेवर ठगांचा धंदा उभा होता. दरोडेखोर अंगावर धांवून येतो. ठग रामराम करून शेजारीं येऊन बसे. टोळींतील गोडबोल्या माणसाला त्यांच्या गुप्त भाषेंत सोथा म्हणत. तो कधीं व्यापारी, कधीं शिपाई, कधीं यात्रेकरू होऊन ओळख काढी. पुढचा रस्ता धोक्याचा आहे, तेव्हां मिळून जाऊं, असें तोच सुचवी. मग कित्येक दिवस बरोबर चालणें, जवळजवळ चुली मांडणें, हुक्का ओढणें, गाणीं म्हणणें असें चाले. बैठकीची जागा मात्र आधींच हेरून ठेवलेली असे. तिला बेल म्हणत. खड्डे खणणाऱ्यांना लुघा हें नांव होतें. मंडळी गप्पांत रंगली कीं म्होरक्या तंबाखू आणण्याची साधी आज्ञा करी. हीच झिरणी, म्हणजे ठरलेली खूण. त्याच क्षणीं रुमालाचा फांस गळ्याभोंवतीं आवळला जाई. प्रेतें पुरल्यावर पुष्कळदां त्याच जागेवर चुली पेटवून माग बुजविण्यांत येई. नंतर सव्वा रुपयाचा गूळ आणून तो टोळींत प्रसाद म्हणून वांटला जाई. या विधीला तुपौनी म्हणत. तो गूळ ज्यानें एकदां चाखला तो दुसऱ्या कोणत्याहि धंद्याला उरला नाहीं, अशी त्यांची समजूत होती. विल्यम स्लीमन या अधिकाऱ्यानें ही परिभाषा आणि ठगांचे जबाब १८३६ सालीं ‘रामसीयाना’ या ग्रंथांत छापले.

हिंगोलीच्या बाजाराचा संबंध येथें येतो. निजामाच्या सेवेंतील इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर यानें १८३९ सालीं ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही आपली गाजलेली कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंत त्यानें हरिसिंग नांवाच्या व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे, आणि ती कादंबरीचा भाग नसून घडलेली गोष्ट म्हणून दिली आहे. हा हरिसिंग हिंगोलीच्या छावणींत प्रतिष्ठित व्यापारी म्हणून नांदत होता. खुद्द टेलर याचाहि त्याच्याशीं देण्याघेण्याचा व्यवहार होता. एकदां हरिसिंगानें मुंबईहून कापड आणण्यासाठीं जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणारे कॅप्टन रेनॉल्ड्स यांजकडे रीतसर परवाना मागितला. तें कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचें होतें, आणि तो तें घेऊन वाटेवर आहे हें हरिसिंगाला ठाऊक होतें. त्या व्यापाऱ्याला, त्याच्या चाकरांना आणि बैल हांकणाऱ्यांना त्यानें वाटेंत ठार केलें. माल सरकारी परवान्याच्या आधारानें हिंगोलीस आणला आणि भर छावणींत उघडपणें विकला. पुढें पकडला गेल्यावर त्यानें स्वतःच ही गोष्ट मोठ्या गमतीची म्हणून सांगितली. नाहीं तर ती कधीं उजेडांतहि आली नसती.

एवढ्यावर हें थांबत नाहीं. याच टोळीनें छावणीच्या बाजारांत, मुख्य पहाऱ्यापासून अवघ्या शंभर यार्डांच्या आंत, अनेकांचे जीव घेतले, आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पांचशें यार्डांच्या आसपास त्यांना पुरलें. नदीला मिळणाऱ्या एका अरुंद कोरड्या ओहळांत, शेजारच्या गांवाला जाणाऱ्या रस्त्यालगत, तीं प्रेतें होतीं. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांनीं एकेक जागा शांतपणें दाखविली. टेलर स्वतः त्या वेळीं हजर होता. एकामागून एक खड्डे उघडत गेले, आणि शेवटीं पाहणाऱ्यांनाच शिसारी येऊन शोध थांबवावा लागला.

ठगांविषयीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं लिहिलें तें सारेंच जसेंच्या तसें स्वीकारूं नये, असें पुढील काळांतील इतिहासकार सांगतात, आणि तें योग्यच आहे. पुरावा बहुतांशीं माफीच्या साक्षीदारांचा. स्वतःची मान सोडविण्यासाठीं बोलणारा माणूस विचारणाऱ्याला रुचेल तें सांगतो. देशभर पसरलेला, देवीच्या नांवानें खून करणारा एकच गुप्त पंथ हें चित्र नव्या राज्यकर्त्यांच्या सोयीचेंहि होतें. १८३६ च्या तिसाव्या कायद्यानें तर कोणताहि विशिष्ट खून सिद्ध न होतां, केवळ ठगांच्या टोळींतील असणें हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. तथापि हिंगोलीच्या ओहळांतून निघालेलीं प्रेतें हा कोणाच्या कल्पनेचा खेळ नव्हता. तीं माणसें कोणाच्यातरी घरून शिदोरी घेऊन निघालीं होतीं, आणि कोठेंतरी त्यांची वाट पाहिली जात होती.

या हकीकतींत ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट ही, कीं त्या वाटसरूंनीं गाफीलपणा केला असें म्हणतां येत नाहीं. जंगल टाळून त्यांनीं वस्ती गांठली, एकटे न राहतां सोबत धरली, पेठेंतील नामांकित व्यापाऱ्यावर विश्वास टाकला. शहाणा माणूस याहून निराळें काय करणार? उणें होतें तें व्यवस्थेचें. पाहुणा कोठून आला, कोठें उतरला, कोणाबरोबर जेवला आणि सकाळीं निघाला कीं नाहीं, हें पाहणारें तिसरें कोणी नव्हतें. बाजारांतली कीर्ति हाच काय तो पुरावा, आणि ती हरिसिंगापाशीं भरपूर होती.

ही उणीव हळूहळू भरून निघाली, ती केवळ फांसाच्या दोरानें नव्हे. रस्ते आले, मागाहून आगगाड्या आल्या, आणि कित्येक आठवड्यांची वाट कांहीं तासांवर आली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कारकून, विद्यार्थी आणि गिरणी कामगार यांची गर्दी झाली, तेव्हां ठराविक पैशांत ताट वाढणारी खाणावळ ही संस्था वाढीस लागली. गिरणगांवांत तर कष्टाळू बायांनीं घरच्या चुलीवर शेंकडों कामगारांना पोसलें. इराण्यांच्या हॉटेलांनीं चहाचा पेला आणि संगमरवरी टेबल कोणाहि पांथस्थापुढें मांडलें. तरी जुना निर्बंध लवकर सुटला नाहीं. खाणावळींच्या पाट्यांवर जातींचीं नांवें झळकत, आणि रेल्वे स्टेशनांवर हिंदु पाणी व मुसलमान पाणी हा भेद पाळला जाई. अस्पृश्य मानलेल्यांना तर बहुतेक दारें बंदच होतीं. २६ जानेवारी १९५० रोजीं भारताची राज्यघटना अंमलांत आली. दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें, हॉटेलें आणि करमणुकीचीं स्थानें यांत धर्म, जात, लिंग यांसारख्या कारणांवरून कोणाला मज्जाव करतां येणार नाहीं, असें तिच्या पंधराव्या कलमानें ठरविलें. पाहुण्याचा जेवण्याचा हक्क देशाच्या मूलभूत कायद्यांत लिहिला गेला.

हिंगोलीच्या भूमींत अन्नाची आणखी एक कथा नांदते. नरसी हें नामदेवांचें गांव मानलें जातें. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें, कोरडी खाऊं नको, तूप तरी घे, असें म्हणत तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव मराठी घरांतल्या मुलांनाहि ठाऊक आहेत. एकाच मुलुखानें परक्याला तूप वाढणारा संत पाहिला, आणि परक्याला शेजारीं बसवून त्याचा गळा आवळणारा व्यापारीहि पाहिला. खाणावळवाला या दोघांपैकीं कोणीच नव्हे. तो पैसे घेतो आणि जेवूं घालतो. त्याचें दार रस्त्यावर उघडतें, दर भिंतीवर लिहिलेला असतो, आणि शेजारच्या पाटावर दुसरें कोणीतरी जेवत असतें. वाटसरूनें संताची वाट पाहावी लागूं नये आणि ठगाची भीति बाळगावी लागूं नये, एवढ्यासाठीं समाजानें हें साधें दार उभें केलें. परक्या गांवीं त्या दारांतून आंत शिरतांना आज कोणी क्षणभरहि थबकत नाहीं, यांतच त्याचें मोल आहे.