घरच्या स्कॅनरसाठी फिल्म कोणती? चांदी, रंगद्रव्ये आणि पुराव्याचा इतिहास

१/ गेल्या उन्हाळ्यात आजोबांनी काढलेल्या कृष्णधवल निगेटिव्ह मी घरच्या स्कॅनरवर स्कॅन केल्या. साधारण साठ चौकटी. धूळ फार होती, म्हणून धूळ काढण्याचा पर्याय चालू ठेवून काम उरकले. ‘आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हणून घरच्यांनी जुना डबा रद्दीत दिला. काही महिन्यांनी चित्रे मोठी करून पाहिली. वाड्याच्या ओसरीवर, उन्हात बसलेल्या पणजीच्या नऊवारीवरची चौकडी कुठेच नाही. त्या जागी यंत्राने सारवलेला पांढुरका डाग आहे. चूक माझीच. ती का झाली, हे सांगणारा हा धागा.

२/ आज रोल घालून फोटो काढायचे आणि घरीच स्कॅन करायचे, तर फिल्म कोणती घ्यावी? उत्तरादाखल बहुधा नावांची यादी मिळते. परंतु ‘चांगले स्कॅन होणे’ हा फिल्मचा स्वयंभू गुण नव्हे. प्रत्येक फिल्म कोणीतरी वाचावी म्हणून बनवलेली असते: कधी फोटोच्या कागदाने, कधी प्रोजेक्टरने, अगदी अलीकडे स्कॅनरने. तो मूळ वाचक कोण, हे कळले की निवड पुष्कळ सोपी होते.

३/ पहिला वाचक कागद. १८९० मध्ये इंग्लंडमधील फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड यांनी किती प्रकाशाला निगेटिव्ह किती काळवंडते, याचे मोजमाप प्रसिद्ध केले. प्रकाश आणि घनता यांचा तो आलेख पुढे साऱ्या फिल्म-उद्योगाचा पाया ठरला. त्यानंतर अनेक दशके निगेटिव्हची घनता ठरली ती कागदाला काय पेलते, यावरून. स्कॅनर कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

४/ तो आला १९५७ मध्ये. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो ड्रमवर गुंडाळून संगणकात उतरवला. चित्र होते अवघे १७६ गुणिले १७६ बिंदूंचे. निगेटिव्ह वाचणारा स्कॅनर सामान्य माणसाच्या टेबलावर यायला मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. म्हणजे आपल्या घरांतील बहुतेक निगेटिव्ह स्कॅनरच्या आधीच्या जगातील आहेत.

५/ आता फिल्मच्या पोटात डोकावू. पारंपरिक कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्र असते ते धातुरूप चांदीच्या कणांचे. हे कण प्रकाश नुसता अडवत नाहीत, विखुरतातही. त्यामुळे एकाच दिशेने येणाऱ्या प्रकाशात तीच निगेटिव्ह अधिक कठोर दिसते आणि दाणा व ओरखडे उठून दिसतात. बेल्जियमच्या आंद्रे कालिए यांनी १९०९ मध्ये याचा अभ्यास मांडला; आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्कॅनरचा दिवा कसा आहे, यावर कृष्णधवल चित्राची प्रत ठरते, ती या कारणाने.

६/ दुसरी अडचण दाण्याची. स्कॅनरचे बिंदू आणि फिल्मचे कण यांचा मेळ बसला नाही, तर दाणा असतो त्याहून जाड भासतो. १९५४ मध्ये ३५ मिमी रूपात आलेल्या ट्राय-एक्ससारख्या वेगवान फिल्ममध्ये हे चटकन जाणवते. १९८० च्या दशकात कोडॅकने चपट्या वडीसारखे स्फटिक वापरात आणले: १९८२ मध्ये रंगीत फिल्ममध्ये, १९८६ मध्ये टी-मॅक्समध्ये. त्यामुळे तेवढ्याच संवेदनशीलतेला दाणा बारीक झाला. टी-मॅक्स १०० किंवा इलफर्डची डेल्टा १०० घरच्या स्कॅनरला मानवते, ती यामुळे.

७/ रंगीत फिल्मची गोष्ट वेगळी. १९३५ ची कोडाक्रोम आणि १९३६ ची आग्फाकलर यांच्यापासून पुढे, रोल धुताना चांदी काढून टाकली जाते आणि मागे राहतात ती केवळ रंगद्रव्ये. रंगद्रव्यांच्या या ढगांना चांदीसारखी धारदार कड नसते आणि ते प्रकाशही फारसा विखुरत नाहीत. म्हणून रंगीत निगेटिव्ह स्कॅनरमध्ये मऊ, समजूतदार वागते.

८/ पण रंगीत निगेटिव्हचा तो नारिंगी रंग? त्याचाही जन्म कागदासाठीच झाला. रंगद्रव्ये शुद्ध नसतात. नको तो प्रकाशही थोडा शोषून घेतात. कोडॅकमधील वेस्ली हॅन्सन यांनी १९४० च्या दशकात या दोषाची भरपाई फिल्ममध्येच केली. तीच ही नारिंगी झाक. कागदाला ती ठाऊक असते, स्कॅनरला अंदाज बांधावा लागतो. त्वचा हिरवट किंवा निळसर येते ती या अंदाजाच्या चुकीने. उपाय सोपा आहे: त्याच रोलची कोरी पट्टी सोबत स्कॅन करून नारिंगीची पातळी तिच्यावरून ठरवावी.

९/ स्लाइडचा वाचक प्रोजेक्टर. पडद्यावर झगमगावी म्हणून तिच्यातील काळा भाग फार गडद ठेवलेला असतो. घनता ३ च्या पुढे जाते, म्हणजे हजारातला एक भागही प्रकाश पार होत नाही. घरच्या फ्लॅटबेड स्कॅनरला त्या अंधारात तपशील सापडत नाही, नुसती खरखर सापडते. स्लाइडचा मोठा गुण मात्र हा की रंग मुळात कसे होते, हे डोळ्यांनी पडताळता येते. १९९० ची वेल्व्हिया घरी स्कॅन करायची असेल, तर सावल्यांचा मोह सोडावा.

१०/ आता माझ्या चुकीकडे. अवरक्त किरण रंगद्रव्यांतून आरपार जातात. धूळ आणि ओरखडे मात्र त्यांना अडवतात. म्हणजे अवरक्त प्रकाशात चित्र नाहीसे होऊन केवळ धूळ दिसते आणि तेवढीच जागा शेजारच्या बिंदूंनी भरता येते. अल्बर्ट एडगर यांच्या या कल्पनेवर टेक्सासमधील अप्लाइड सायन्स फिक्शन या कंपनीने ‘डिजिटल आइस’ उभे केले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते निकॉनच्या कूलस्कॅन स्कॅनरमध्ये आले आणि पुढे घरगुती फ्लॅटबेडमध्येही.

११/ परंतु चांदीसुद्धा अवरक्त किरण अडवते. कृष्णधवल निगेटिव्हवर ही सोय चालू केली की यंत्र चित्रालाच धूळ समजते. निगेटिव्हमध्ये चांदी सर्वांत दाट असते ती उजेडाच्या जागी. उन्हातली नऊवारी पुसली गेली, ती अशी. (कोडाक्रोमच्या स्लाइडवरही ही सोय अनेकदा चुकते.)

१२/ आपल्याकडे हा धोका अधिक आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने १९६७ पासून उटीजवळ ‘इंदू’ फिल्मचे उत्पादन सुरू केले. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्यातील ‘ओरवो’ही भारतात भरपूर वापरली गेली, युद्धापूर्वी आग्फाकलर याच कारखान्याने घडवली होती. लग्नाच्या, मुंजीच्या, शाळेच्या त्या पिढीच्या कृष्णधवल निगेटिव्ह बहुतेक सगळ्या चांदीच्या आहेत. त्यांच्यासाठी धूळ काढण्याचा पर्याय बंद, हा पहिला नियम.

१३/ कृष्णधवलही हवे आणि ही सोयही हवी, तर मधला मार्ग आहे. १९८० च्या सुमारास इलफर्डने एक्सपी-१ आणली. ती धुतली जाते रंगीत निगेटिव्हच्या रसायनात आणि तिचे चित्रही रंगद्रव्यांचेच असते. तिची आजची वंशज एक्सपी-२ सुपर. कोडॅकची याच जातीची बीडब्ल्यू ४०० सीएन २०१४ मध्ये बंद झाली. घरच्या स्कॅनरला एक्सपी-२ इतकी सोयीची कृष्णधवल फिल्म क्वचितच मिळेल.

१४/ खास स्कॅनरसाठी फिल्म घडू लागली ती सिनेमामुळे. १९९३ मध्ये डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ संपूर्ण स्कॅन करून संगणकावर स्वच्छ केला गेला. २००२ मध्ये कोडॅकची व्हिजन-२ ही सिनेमाची फिल्म आली. तिच्या घडणीत संगणकावरील संस्कारांचा विचार होता. ते तंत्र पुढे छायाचित्रणाच्या रोलमध्ये उतरले: २००८ ची एक्टार १००, २०१० ची नवी पोर्ट्रा ४००. दोहोंची ओळख कंपनीने स्कॅनिंगला योग्य अशीच करून दिली. रंगीत कामाला घरी याच दोन सुरक्षित. एक्टारला प्रकाश मोजूनमापून द्यावा. पोर्ट्रा थोडा अधिक प्रकाश सहज सोसते.

१५/ आकड्यांना भुलू नये. फ्लॅटबेडवर ६४०० डीपीआय लिहिलेले असले, तरी हाती त्याच्या निम्माही तपशील लागत नाही. २४०० धरला तर ३५ मिमी चौकटीचे सुमारे ७७ लाख बिंदू होतात. तेवढ्यातच ६×६ च्या चौकटीचे सुमारे २ कोटी ८० लाख. स्कॅनर बदलण्याऐवजी मोठी फिल्म वापरणे अनेकदा स्वस्त पडते.

१६/ फिल्म सपाट राहते का, हेही पाहावे. वाकली की कडा धूसर येतात. जुन्या फिल्मबाबत तर हा जीवनमरणाचा प्रश्न. १९४८ मध्ये कोडॅकने ट्रायअ‍ॅसिटेटचा ‘सुरक्षित’ आधार आणला. दशकभरातच तो कुजत असल्याची पहिली तक्रार गेली ती भारत सरकारकडून. कारण उष्ण, दमट साठवण. डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म आकसू लागली आहे. स्कॅन आजच करावे.

१७/ आणि खरा पेच इथे आहे. जे सहज स्कॅन होते ते रंगद्रव्य. पण काळाबरोबर फिकट होते तेही रंगद्रव्यच. नीट धुतलेली, थंड आणि कोरड्या जागी ठेवलेली चांदी त्याहून कितीतरी टिकते; मात्र स्कॅन करताना ती हट्टीपणा करते. म्हणून ‘स्कॅनला चांगली फिल्म कोणती’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे: पन्नास वर्षांनी ही निगेटिव्ह पुन्हा कोणाला वाचावी लागणार आहे का?

१८/ वाडा पुढल्या वर्षी उतरवणार आहेत. त्याच्या नोंदीसाठी मी डेल्टा १०० चे १२० आकाराचे रोल घेतले आहेत. ते किंचित सौम्य धुऊन घेणार, म्हणजे उजेडाचे भाग फार दाट होणार नाहीत. कॉन्ट्रास्ट नंतर संगणकावर वाढवता येतो. धूळ हवेच्या फुग्याने आणि ब्रशने काढणार. राहील ती राहू देणार. सणासुदीला एक्सपी-२ आणि पोर्ट्रा आहेतच.

१९/ आपल्या घरी जुन्या निगेटिव्हचा डबा असेल, तर एवढेच करा: पट्टी उजेडात धरून ती चांदीची की रंगाची ते ओळखा; चांदीची असेल तर अवरक्त सोय बंद ठेवा; आणि स्कॅन झाल्यावर डबा टाकू नका. स्कॅन ही त्या चित्राची एक प्रत असते. माझ्याकडे आता साठ प्रती आहेत आणि मूळ एकही नाही.