अन्नपदार्थांची क्ष-किरण तपासणी

अन्नपदार्थांची क्ष-किरण तपासणी : अन्नात चुकून आलेले खडे, काच, हाडे, धातूचे तुकडे वेष्टन न फोडता शोधण्याची पद्धत. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधाचा हा कारखानी उपयोग होय.

सरकत्या पट्ट्यावरच्या मालातून किरणांचा पातळ झोत जातो आणि पलीकडची शोधकांची रांग ओळीओळीने करड्या छटांचे चित्र उभे करते. घन वस्तू किरण अधिक शोषते, म्हणून गडद दिसते. संगणकाला संशय आला की हवेचा झोत किंवा दांडा ते पाकीट बाजूला ढकलतो. यंत्राला कळते ती घनता आणि जाडी, स्वच्छता नव्हे. त्यामुळे केस, कागद, झुरळाचा पाय, पातळ प्लॅस्टिक बहुधा निसटतात. माशाचा बारीक काटाही सहजी सापडत नाही. उलट ॲल्युमिनियमच्या वेष्टनातला माल, जिथे मेटल डिटेक्टर गोंधळतो, तिथे क्ष-किरण सरस ठरतात.

याच तत्त्वाचा महाराष्ट्राला जवळचा प्रयोग हापूसवर झाला. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका (गराचा आतला दोष) निघतो, तो कापल्यावरच कळतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आंब्यांची क्ष-किरण चित्रे घेतली, तेव्हा साक्यातील हवेच्या पोकळ्या भोवतीच्या गरापासून वेगळ्या ओळखता आल्या. कोयीतल्या भुंग्याचा माग घेण्यासाठीही ही रीत तपासली गेली. येथे परकी वस्तू नाही, फळाचाच दोष आहे. पण फरक पुन्हा घनतेचाच.

या तपासणीची विकिरण प्रक्रियेशी गल्लत होते. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण शेतमालाला मुद्दाम मोठ्या मात्रेत देतात. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यासाठी किमान ४०० ग्रे (शोषलेल्या किरणमात्रेचे एकक). तपासणी यंत्रांना युरोपीय संघाने ०.५ ग्रेची मर्यादा घातली आहे, आणि प्रत्यक्ष मात्रा तिच्याहून पुष्कळच कमी असते. अन्न किरणोत्सर्गी होत नाही. यंत्रात किरणोत्सर्गी द्रव्यही नसते. वीज बंद की किरण बंद. कामगारांसाठी कवच आणि तोंडाशी शिशाचे पडदे मात्र हवेतच. भारतात क्ष-किरण उपकरणांवर मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते.

यंत्र रोज पोलाद, काच व सिरॅमिकच्या ठरावीक आकाराच्या गोळ्यांनी पारखतात. बाजूला काढलेला माल कुलूपबंद पेटीत ठेवतात, नाहीतर तो पुन्हा पट्ट्यावर यायला वेळ लागत नाही.

किंमत मोठी असल्याने वसईतील पापडी भागासारख्या ठिकाणच्या लघुउद्योगांच्या गाळ्यांत चाळण, चुंबक आणि मेटल डिटेक्टर हाच व्यवहार्य मार्ग. वसईच्या सुकेळीचे उदाहरण घ्या : राजेळी केळी सोलून उन्हात वाळवताना चिकटते ती धूळ, काडी, केस. त्यांवर क्ष-किरणांपेक्षा जाळीचे झाकण आणि चांगल्या उजेडातले निवडणे अधिक उपयोगी.